दारातलं झाड काढायचंय? वृक्ष प्राधिकरणाकडे जाण्याआधी, जाताना आणि परवानगी मिळाल्यावर

जागा आपली, झाड आपलं, कदाचित आजोबांच्या हातचं. तरीही ते तोडायचा अधिकार आपल्याला नाही. शहरात घर असलेल्या माणसाला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा राग येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. महाराष्ट्रात महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीतल्या झाडांना १९७५ सालच्या नागरी क्षेत्रांतील झाडांच्या जतनाच्या कायद्याचं संरक्षण आहे. खाजगी अंगणातलं झाडही त्यात येतं. ते तोडायचं तर स्थानिक वृक्ष प्राधिकरणाची लेखी परवानगी लागते. महानगरपालिकेत या प्राधिकरणाचे अध्यक्ष स्वतः आयुक्त असतात.

हा कायदा असावा, असं माझं ठाम मत आहे. तो नसता तर शहरातल्या जुन्या वाड्यांचे आणि बंगल्यांचे भूखंड विकले जाताना एकही मोठं झाड उभं राहिलं नसतं. पण पावसाळ्यात रात्री वारा सुटला की ज्यांना मुलांना पुढच्या खोलीत झोपवावं लागतं, त्यांची भीतीही खरी असते. या लोकांचे अर्ज मी वाचले आहेत. त्यातले बरेचसे एकाच जागी अडतात. अर्जात घरमालकाचा त्रास पानभर असतो आणि झाडाबद्दल मात्र एकही ओळ नसते. प्राधिकरणाला निर्णय झाडाबद्दल घ्यायचा असतो. तेव्हा सगळी तयारी झाडापासून सुरू करायची.

आधी हद्द आणि मालकी

तुमचं घर नगरपालिकेच्या हद्दीत आहे का, एवढं आधी नक्की करा. हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या भागात १९६४ चा झाडे तोडण्याच्या विनियमनाचा कायदा लागू होतो. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा अशी झाडं आहेत आणि तिथला मार्ग वनखात्याकडून जातो. कटक मंडळाच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या (कॅन्टोन्मेंट) हद्दीत राहणाऱ्यांनी मंडळाच्या कार्यालयात विचारावं. या लेखातलं पुढचं सगळं शहरी कायद्याबद्दल आहे.

मग मालकी. बुंधा ज्याच्या जमिनीत, अर्ज त्याने करायचा. बंगला असेल तर मिळकत पत्रिका किंवा सातबारा आणि मालमत्ता कराची चालू पावती काढून ठेवा. गृहनिर्माण संस्थेत एकट्या सभासदाचा अर्ज चालत नाही. झाड संस्थेच्या जागेत असतं, म्हणून समितीचा ठराव आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या लागतात. बुंधा कुंपणाच्या रेषेवरच असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती जोडा. आणि झाड रस्त्याच्या कडेचं, पालिकेचं असेल तर तुम्ही परवानगी मागत नाही, तक्रार करता. तो अर्ज साधा असतो आणि छाटणीचा खर्चही पालिकेचा असतो.

झाड खरंच धोक्याचं आहे का

इथे घाई करू नका. एका मोकळ्या सकाळी झाडाभोवती चारही बाजूंनी फिरा, खालून वर पाहा आणि दिसेल ते लिहून काढा.

झुकलेलं झाड म्हणजे पडणारं झाड, हा सर्वांत मोठा गैरसमज. उजेडाकडे वाढत गेलेलं झाड वर्षानुवर्षं तिरकं उभं राहतं आणि त्याच्या मुळांनी तो तोल सांभाळलेला असतो. अशा झाडाचा शेंडा बहुधा पुन्हा सरळ झालेला दिसतो. काळजी करायची ती हल्ली झुकलेल्या झाडाची. झुकावाच्या विरुद्ध बाजूला जमीन उचललेली, मातीला नव्या भेगा पडलेल्या किंवा मुळं ताणून वर आलेली दिसली, तर अर्जाची वाट पाहू नका. त्या परिस्थितीबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

जमिनीलगत बुंध्यावर लाकडासारखी कडक, थराथराची अळंबी आली असेल तर ती गंभीर खूण आहे. ही बुरशी आतलं लाकूड आणि मुळं कुजवते, आणि वर पालवी हिरवीगार असतानाही झाड तळातून कमकुवत झालेलं असू शकतं. लाकडी हातोडीने बुंध्यावर ठिकठिकाणी ठोका. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला कळतो. पोकळी आढळली म्हणून लगेच निकाल देऊ नका, कारण जुन्या झाडांच्या पोटात पोकळी असते आणि बाहेरचं भक्कम लाकूड त्यांना तोलून धरतं. पोकळी किती मोठी, कुठे आणि किती बाजूंनी उघडी, हे पाहावं लागतं.

दोन जाड फांद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या चिकटून वर गेल्या असतील आणि त्यांच्या बेचक्यात साल आत दबलेली असेल, तर तो सांधा कच्चा असतो. वादळात झाड तिथे उभं चिरतं. वाळलेल्या फांद्या, लोंबकळणारी तुटकी फांदी, सालीवर उभी चीर, हेही टिपून ठेवा.

झाडाची जातही सांगा. गुलमोहोराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ असतात, म्हणून मोठा गुलमोहोर घरालगत असेल तर काळजीला आधार असतो. वड-पिंपळाचं रोप इमारतीच्या भिंतीत उगवलेलं असेल तर तो प्रश्न वेगळा आहे. पक्ष्यांनी टाकलेलं बी सज्जाच्या फटीत रुजतं आणि रोप बोटभर असताना मुळासकट निघतं. तीन-चार वर्षं तसंच सोडलं की प्लास्टर आणि विटा घेऊनच निघतं.

शेवटी मोजमाप. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, बुंध्याभोवती टेप गुंडाळून घेर घ्या. वयाचा अंदाज याच घेरावरून बांधला जातो आणि वयाचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

भिंतीला भेग पडली, ती मुळांमुळेच का?

अर्जांमध्ये सर्वाधिक दिसणारं आणि सर्वांत कमी तपासलेलं कारण हेच. मुळं भिंतीवर डोकं आपटत जात नाहीत. जिथे ओल आणि हवा मिळेल तिथे ती वाढतात आणि त्यांतली बहुतेक वरच्या मीटरभर मातीत असतात. सांडपाण्याच्या पाइपात मूळ सापडतं तेव्हा बहुतेकदा सांधा आधीच गळत असतो. पाणी बाहेर आलं म्हणून मूळ तिकडे वळलेलं असतं. झाड तोडून पाइप तसाच ठेवला तर गळती तशीच राहते.

काळ्या मातीवर बांधलेल्या घरांनी तर फारच सावध राहावं. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि पाया उथळ असेल तर भिंतीला भेग पडते. ही भेग मे महिन्यात रुंद होते आणि सप्टेंबरपर्यंत मिटत येते. मोठं झाड मातीतली ओल ओढून घेतं, त्यामुळे हे आकसणं वाढू शकतं. म्हणजे झाडाचा हात त्यात असतो, पण अर्धाच. उलट अशा मातीतलं मोठं जुनं झाड एकाएकी काढलं की ते ओढत असलेलं पाणी जमिनीतच राहतं, माती फुगते आणि आजवर शाबूत असलेल्या भिंतीही तडकू शकतात. झाड काढून घर वाचवायला निघालेल्या माणसाला हे कोणीतरी आधी सांगायला हवं.

म्हणून भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. रुंदी मोजा, दर महिन्याला त्याच जागी पुन्हा मोजा आणि फोटो घ्या. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्या नोंदीत आले तर तुमच्या हातात खरा पुरावा असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घेणार असाल तर त्याला 'झाड काढावे' एवढंच लिहायला सांगू नका. भेगेचं कारण काय, ते कसं ठरवलं आणि झाड ठेवून पायाची दुरुस्ती शक्य आहे का, हे त्यात हवं. शक्य नाही असं कारणासकट लिहिलेलं पत्र अर्जाला बळ देतं. नुसतं मत असलेलं पत्र फाइलीत पडून राहतं.

तोडणी सोडून दुसरं काय मागता येईल

पाहणी झाली की अनेकांच्या लक्षात येतं की आपल्याला झाड जायला नको आहे, छपरावरची ती एक फांदी जायला हवी आहे. मग छाटणीची परवानगी मागा. ती लवकर मिळते, विरोध होत नाही आणि भरपाईची मोठी अट मागे लागत नाही. छाटणीलाही परवानगी लागते, हे मात्र विसरू नका. १९७५ च्या कायद्यात झाड 'तोडणे' याचा अर्थ जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं, असा व्यापक आहे.

छाटणी करताना शेंडा छाटून झाडाचं खुंट करू नका. कापलेल्या टोकाशी फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि काही वर्षांनी तेच वाऱ्यात मोडून खाली येतात. फांदी जिथून निघते तिथे थोडा फुगीर पट्टा असतो. त्या पट्ट्याला धक्का न लावता, त्याच्या लगेच बाहेर काप घ्यायचा. झाड जखम भरून काढत नाही, ती आतून वेगळी पाडून तिच्यावर नवं लाकूड चढवतं, आणि हे काम त्या पट्ट्याकडून होतं. एका वेळी एकूण फांद्यांच्या पाव भागापेक्षा जास्त काढू नका. वजनदार फांदीला आधाराचा खांब देणं, दोन फांद्या पोलादी तारेने बांधणं, पाइपाची वाट बदलणं हेही पर्याय आहेत.

बुंध्याला भिडवून घातलेलं काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक आधी फोडा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, त्यामागचं कारण आपल्या अंगणातही तेच आहे. श्वास कोंडलेली मुळं मरतात आणि मग झाड पडतं.

अर्ज असा लिहा

अर्ज वृक्ष अधिकाऱ्याच्या नावाने, पालिकेच्या उद्यान विभागात किंवा ऑनलाइन सोय असेल तिथे करायचा. कायद्याला तीन गोष्टी हव्या असतात: झाडाचं वर्णन, जागेचा नकाशा आणि कारण. नकाशासाठी वास्तुविशारद लागत नाही. कागदावर घर, कुंपण, रस्ता, झाडाची जागा आणि घरापासूनचं अंतर दाखवलं की पुरे, पण अंतर मोजून लिहा. फोटो चारही बाजूंनी घ्या, प्रत्येकात टेप किंवा उभा माणूस येऊ द्या आणि फोटोंना क्रमांक द्या. मजकूर साधारण असा असावा:

"आमच्या मिळकतीच्या पूर्वेस, घरापासून २.५ मीटर अंतरावर एक गुलमोहोर आहे. १.३७ मीटर उंचीवर घेर १९० सेंटिमीटर, उंची अंदाजे ११ मीटर. बुंध्याच्या पश्चिम बाजूस जमिनीलगत कडक अळंबी आली असून त्यावरील भाग ठोकल्यास पोकळ आवाज येतो (छायाचित्र २ व ३). घरावर आलेली मुख्य फांदी वाळलेली आहे (छायाचित्र ४). झाडाखालून घराचा एकमेव प्रवेशमार्ग आहे. कृपया पाहणी करून झाड काढण्याची, अथवा आपल्या मते पुरेसे असल्यास घराकडील फांद्या उतरवण्याची परवानगी द्यावी. भरपाई लागवडीसाठी मिळकतीच्या उत्तरेस जागा उपलब्ध आहे."

पालापाचोळा पडतो, गटार तुंबतं, सावलीमुळे सोलर पॅनेल चालत नाही, गाडी लावायला जागा नाही, ही कारणं लिहू नका. ती तोडणीची कारणं ठरत नाहीतच, शिवाय बाकीच्या खऱ्या कारणांवरचा विश्वास उडवतात. बांधकामासाठी झाड काढायचं असेल तर तसं सरळ लिहा आणि मंजूर नकाशा जोडा. धोक्याचं कारण पुढे करून मागून बांधकाम काढलं की पुढच्या दहा अर्जदारांकडे संशयाने पाहिलं जातं.

अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

पाहणी, जाहीर सूचना आणि हरकती

पाहणीला उद्यान विभागाचा माणूस येतो तेव्हा स्वतः हजर राहा. अर्जाची प्रत हातात ठेवा आणि लिहिलेली प्रत्येक खूण त्याला दाखवा. त्याला अहवालाचे रकाने भरायचे असतात: जात, घेर, अंदाजे वय, प्रकृती, धोका, शिफारस. त्याचं काम सोपं केलंत तर अहवाल तुमच्या झाडाबद्दल होतो, नाहीतर साच्यातला होतो. पाहणीपूर्वी 'जरा साफ दिसावं' म्हणून एकही फांदी कापू नका.

त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि झाडावरही नोटीस लागते. कोणीही नागरिक हरकत घेऊ शकतो, मुदत त्या सूचनेतच लिहिलेली असते. नोटीस लागण्याआधीच आजूबाजूच्या घरी जाऊन फोटो दाखवा. ज्या काकूंनी तीस वर्षं त्या झाडाची सावली अंगावर घेतली, त्यांना ही बातमी नोटिशीतून कळू नये. वृक्षप्रेमी गटाने हरकत घेतली तर त्यांना झाड पाहायला बोलवा. त्यांच्यात झाडांची जाण असलेले लोक असतात आणि धोका खरा असेल तर तेच हरकत मागे घेतात. कधी कधी ते झाड वाचवण्याचा असा उपाय सुचवतात जो तुम्हाला कोणी सांगितलेला नसतो.

निर्णयाला दोन-तीन महिने धरून चला. म्हणूनच अर्ज दिवाळीनंतर करावा, मे महिन्यात नव्हे. मुदत उलटली, उत्तर आलं नाही, म्हणजे परवानगी मिळाली असं स्वतःच ठरवून करवत्याला बोलावू नका. लेखी स्मरणपत्र द्या. कार्यालयात लावलेल्या लोकसेवा हक्काच्या यादीत ही सेवा असेल तर २०१५ च्या त्या कायद्याखाली विलंबाविरुद्ध अपील करता येतं.

वय पन्नासच्या पुढे असेल तर

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' असा दर्जा दिला. त्याच दुरुस्तीने भरपाईचं गणित बदललं: तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची. रोपं सहा ते आठ फुटांची हवीत आणि सात वर्षं सांभाळायची. साठ वर्षांच्या चिंचेसाठी साठ रोपं. हे ओझं आहे आणि तसंच ते असायला हवं. साठ वर्षांची सावली एका रोपाने भरून निघत नाही. अर्ज करण्यापूर्वी हा हिशेब घरात सगळ्यांसमोर मांडा, आणि मग पाइपाच्या दुरुस्तीचा खर्च पुन्हा एकदा काढून पाहा.

नकार आला तर

नकार कारणांसह लेखी मागा. पाहणीचा अहवाल हाती नसेल तर माहिती अधिकारात मागवा: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. अहवालात 'झाड सुस्थितीत' असं लिहिलं असेल आणि तुमच्या मते ते चुकीचं असेल, तर वनस्पतिशास्त्र किंवा उद्यानविद्येच्या जाणकाराकडून तपासणी करून नव्या पुराव्यासह पुन्हा अर्ज करा. आदेशाविरुद्ध अपील करायचं तर मुदत लहान असते, म्हणून आदेश हाती आल्या दिवशीच ती तपासा. तोडणी नाकारून छाटणीला परवानगी दिली असेल तर ती घ्या, नीट छाटणी करा आणि एक पावसाळा झाडावर लक्ष ठेवा. मला हा निकाल बऱ्याचदा योग्य वाटत आला आहे.

चोरून काही करू नका. भोक पाडून अ‍ॅसिड ओतणं, साल गोलाकार सोलणं, मुळाशी आग लावणं, हे सगळं गुन्ह्यात मोडतं. या कायद्यात दंडासोबत एक आठवड्यापासून एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. याहून वाईट म्हणजे उभं मेलेलं झाड जिवंत झाडापेक्षा कितीतरी धोकादायक असतं. त्याची फांदी वारा नसतानाही खाली येते आणि जाणता तोडणारा त्यावर चढायला तयार होत नाही.

झाड आत्ताच पडायला आलं असेल तर

जमीन उचलली आहे, बुंधा चिरतो आहे, तडतड ऐकू येते आहे: पडण्याच्या टप्प्यातल्या खोल्या आणि अंगण रिकामं करा, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा, मुंबईत पालिकेच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १९१६ आहे. वीजवाहिनीवर फांदी टेकली असेल तर वीज कंपनीने पुरवठा बंद केल्याशिवाय कोणालाही जवळ जाऊ देऊ नका. माणसं सुरक्षित झाल्यावर फोटो घ्या आणि त्याच दिवशी वृक्ष अधिकाऱ्याला लेखी कळवा.

परवानगी हातात आल्यावर

पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. परवानगी मिळाल्यापासून पंधरा दिवस झाड तोडायचं नसतं आणि तोडताना पालिकेचा प्रतिनिधी हजर असावा लागतो. त्याची तारीख आधी ठरवा. अनामत रक्कम भरायची असेल तर पावती जपून ठेवा, ती परत मिळवताना हीच लागते.

तोडण्याआधी घरटी पाहा. बगळे, वंचक, पाणकावळे पावसाळ्यात एकाच झाडावर वसाहत करतात. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत अंडी आणि घरट्यांना धक्का लावणंही येतं. पिल्लं उडेपर्यंत थांबा.

तोडणारा निवडताना दोरीने फांद्या उतरवणारा आणि हेल्मेट-पट्टा वापरणारा घ्या. साग, खैर किंवा चंदन असेल तर लाकूड हलवण्यापूर्वी वनखात्याच्या वाहतूक परवान्याची चौकशी करा.

लागवड पत्रातल्या मुदतीत करा. भिंतीपासून मोठ्या झाडाला किमान सहा-सात मीटर मोकळे ठेवा. एवढी जागा नसेल तर बहावा, कांचन, पारिजातक अशी मध्यम किंवा लहान झाडं निवडा. खड्डा रोपाच्या मातीच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण तेवढाच खोल घ्या. रोपाला दोन बाजूंनी काठीचा सैल आधार द्या आणि पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नका. लावल्या दिवशीचा फोटो तारखेसह काढा. नंतर दर वर्षी त्याच जागेवरून एक फोटो घेत जा. अनामत परत मागताना पाहणीला येणारा अधिकारी पहिल्यांदा तेच विचारतो.